शेजारचा सिनेटर

नोव्हाय, मिशिगन, ९ मार्च

उर्वी,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते हे रविवारच्या मराठी वर्गात मीच तुला शिकवलं होतं. पण तू कशी आहेस हे विचारायचं मला धाडस होत नाही, आणि मी कशी आहे हे कळून तुला काही उपयोग नाही. तेव्हा तो भाग सोडून देऊ.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाहतेस, निळ्या खुणा दिसतात, पुढे काही नाही. म्हणून कागदावर लिहितेय. आणखीही एक कारण आहे. मी इंग्रजीत काही लिहिलं की ते जयच्या ऑफिसातलं कुणीतरी वाचेल अशी हल्ली मला भीती वाटते. "मिसेस लेले, निवडणुकीचं वर्ष आहे, ईमेल जरा जपून करा," असं तिथल्या एका मुलीनं मला गोडीगुलाबीनं सांगितलंय. मराठी त्यांच्यातल्या कुणाला येत नाही. जयलाही वाचता येत नाही. सिनेटरच्या आईनं सिनेटरला वाचता येणार नाही अशा भाषेत लिहायचं, आणि ते वाचता येणारी एकच मुलगी, ती तू.

जानेवारीत तू नागपूरला मामाकडे निघालीस हे मला कुणी सांगितलं नाही. सकाळी सहज खिडकीशी गेले तर संजीव गाडीत बॅगा भरत होता. तू कोट घालून ड्राइव्हवेवर उभी होतीस, आमच्या घराकडे पाठ करून. मी दार उघडलं नाही. दीपा, तुझी आई, रडत असती तर मी धावत आले असते. ती रडत नव्हती, म्हणून मला बाहेर यायचा धीर झाला नाही.

तू चालायला नुकती शिकली होतीस तेव्हा तुम्ही शेजारी राहायला आलात. वडिलांच्या व्हिसावर मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंतच राहता येतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तोवर संजीवचं ग्रीन कार्ड होईल असंच सगळे धरून चाललो होतो. ते झालं नाही. भारतात जन्मलेल्यांची रांग पुढे सरकलीच नाही. मग तू स्टुडंट व्हिसा घेतलास, नर्सिंग केलंस, पुढे एक वर्ष नोकरीची परवानगी मिळाली. त्याच वर्षात तुझ्या काकांची, आमच्या यांची, फुप्फुसं गेली.

ड्यूटी संपवून तू सरळ आमच्याकडे यायचीस. काकांना ऑक्सिजनची नळी नको असायची, माझ्यावर चिडायचे, आणि तू आलीस की मुकाट्यानं लावून घ्यायचे. शेवटी शेवटी त्यांची दाढीसुद्धा तूच करायचीस. जय रविवारी यायचा, पायाशी बसायचा, फोन बघायचा. मी त्याला दोष देत नाही. वडिलांना तसं बघणं त्याला झेपत नव्हतं.

अंत्यविधीच्या दिवशी त्यानं तुझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "यू आर फॅमिली, उर्वी. काहीही लागलं तर मला सांग." मी तिथेच उभी होते. डिसेंबरात तुझी परवानगी संपत आली, तुला लागलं, तू सांगितलंस. त्याच्या ऑफिसातून तुला छापील उत्तर आलं की सिनेटर लेले कायदेशीर स्थलांतराचे खंदे समर्थक आहेत आणि आपलं मत कळवल्याबद्दल आभारी आहेत. दीपानं तो कागद मला वाचून दाखवला. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

जय ईस्टरच्या सुट्टीत येतोय. मी त्याच्याशी बोलेन. त्यानं ते पत्र स्वतः पाहिलेलं नसेल, अशी माझी खात्री आहे.

तुझी
रत्नामावशी


नोव्हाय, १४ एप्रिल

उर्वी,

त्यानं ते पत्र पाहिलेलं होतं.

आधी हे सांगून टाकलं, म्हणजे पुढचं तुला वाचायचं की नाही ते ठरवता येईल.

तू त्याला ओळखायला लागलीस तेव्हा तो पुढारी होऊन गेला होता. मी त्याचा प्रवास तो सरकारी वकील असल्यापासून पाहत आले आहे. एका मुलीला दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यानं उडवलं, ती गेली. तो माणूस एकदा देशाबाहेर पाठवलेला होता आणि चोरून परत आला होता. खटला चालू होता तोवर जय दर आठवड्याला त्या मुलीच्या आईवडिलांकडे जाऊन बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं, फोटो नव्हते. घरी येऊन एकदा जेवणाच्या टेबलावर रडला होता. कायदा पाळला असता तर ती मुलगी जगली असती, हे त्याच्या मनात तेव्हा बसलं ते बसलंच. त्यानं हे सगळं फक्त मतांसाठी केलं असं लोक म्हणतात तेव्हा मला ते टेबल आठवतं.

मग तो राज्याच्या विधिमंडळात गेला. टॅक्स कमी करा, सरकारनं लोकांच्या मध्ये पडू नये, हे काकांना पटायचंच. बंदुकीचं मात्र आम्हाला हसू आलं होतं. प्रचाराच्या फोटोसाठी त्यानं नारिंगी जाकीट घालून आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात धरली. काका म्हणाले, "अरे, याला झुरळ दिसलं की आईला हाक मारतो." नंतर एका शाळेत गोळीबार झाला आणि मी विचारलं तेव्हा तो मला राज्यघटना समजावून सांगायला लागला. शांतपणे, कोर्टात सांगतात तसं. तेव्हा हसू आलं नाही. गर्भपाताबद्दल आम्ही एकदाच बोललो. त्यानंतर बरेच महिने आमच्यात फक्त हवामानाचा विषय होता.

सिनेटच्या पहिल्या निवडणुकीत तू शाळेत होतीस आणि त्याची पत्रकं घेऊन दारोदार फिरत होतीस. "मला मत देता येत नाही, पण तुम्हाला येतं," असं लोकांना सांगायचीस. लोकांना ते फार आवडायचं. शेवटच्या सभेत त्यानं तुला स्टेजवर बोलावलं, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जे समोरच्या दारानं आले, त्यांच्या पाठीशी मी उभा राहीन." मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. तूही वाजवत होतीस.

आता परवाचं. आमटी-भात झाला, ताट उचलता उचलता मी विषय काढला. तो इंग्रजीतच बोलतो, मी माझ्या शब्दांत लिहिते.

"आई, ते पत्र मी वाचूनच पाठवलंय. वेगळं काही लिहिलं असतं तर तिला उगीच आशा लागली असती."

"अरे, पण तुझ्याच सभागृहात त्या मुलांचं बिल पडून आहे ना? व्हिसावर आलेल्यांची, इथेच वाढलेली मुलं. त्याला तू हो म्हण, एवढंच."

"एकाला हो म्हटलं की दुसरं येतं. चोरून आलेल्यांच्या मुलांचं. मग त्यांच्या आईबापांचं. कुठेतरी रेघ ओढावी लागते."

"ती उर्वीच्या अंगावरूनच ओढायची का?"

त्यानं नळ बंद करून हात पुसले. मग म्हणाला, "मी तिथे उर्वीचा शेजारी म्हणून बसत नाही, आई. कायद्याला शेजारी नसतात."

मी म्हटलं, "तुझ्या बापाची दाढी कायद्यानं नाही केली."

हे मी बोलायला नको होतं. तो कोट घेऊन बाहेर पडला, गाडीत बराच वेळ बसून राहिला, मग गेला.

पक्षातलाच एक माणूस ऑगस्टच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीच्या निवडणुकीत, त्याच्याविरुद्ध उभा राहतोय. लेले हे आडनाव मिशिगनच्या मातीतलं वाटत नाही, असं तो भाषणातून सांगत फिरतो. जय घाबरलाय. घाबरलेला माणूस असंच बोलतो. ऑगस्ट सरू दे, मग त्याचं मन मोकळं होईल.

रत्नामावशी


नोव्हाय, १७ जून

उर्वी,

चांगली बातमी आहे, म्हणून घाईनं लिहितेय.

एका माणसापुरतंसुद्धा वेगळं बिल आणता येतं, हे तुला माहीत होतं? मला नव्हतं. क्वचित आणतात, पण आणतात. जय म्हणाला, प्रायमरी झाली की तो तुझ्यासाठी तसं बिल मांडेल. "मी बघतो" असं नाही म्हणाला, "मांडतो" म्हणाला. मी दोनदा विचारून घेतलं.

दीपाला सांगायला गेले. तिनं दार अर्धवटच उघडलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." आत गेली. तिचंही बरोबर आहे. तिनं कितीदा असं ऐकलंय. तुला भेटायला यायचं तर तिला व्हिसाचा शिक्का नव्यानं घ्यावा लागेल, आणि तो नाकारला तर संजीव इकडे, ती तिकडे. म्हणून ती इथेच बसून राहते. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा मला आमच्या ओट्यावरून दिसतो. ती हल्ली काही करताना दिसत नाही, नुसती उभी असते.

तिच्याकडूनच कळलं की तुझ्या डिग्रीला तिकडे मान्यता मिळेना, आणि तू एका हॉस्पिटलात पेशंटना रांगेत बसवायच्या कामाला लागलीस. आणि तुझं मराठी ऐकून लोक हसतात, म्हणतात ही पुस्तकातल्यासारखं बोलते. ते पाप माझंच आहे. मी तुला ‘कृपया’ आणि ‘आपण’ शिकवलं. नागपुरात लोक कसं बोलतात हे मला पुण्याच्या बाईला काय ठाऊक? तू तिकडे राहायला जाशील असं कधी मनातही आलं नव्हतं.

पण आता थोडेच दिवस. धीर धर.

घरी परवा शूटिंगवाले आले होते, प्रचाराचं काहीतरी. नेहमीचंच. त्यांनी सोफा हलवला तो अजून तसाच आहे.

तुझी
रत्नामावशी


नोव्हाय, २६ सप्टेंबर

उर्वी,

तुझा मेसेज आला. "मावशी, जाहिरात पाहिली. प्लीज आता मला पत्रं पाठवू नकोस." इतक्या महिन्यांनी तुझ्या हातचं मराठी वाचलं, आणि ते हे होतं.

तू नको म्हटलंस तरी लिहितेय, कारण ती जाहिरात काय होती ते तुला माझ्याकडून कळायला हवं. वाचावंसं वाटलं नाही तर फाडून टाक.

तुझं बिल फुकट येणार नव्हतं. मी जाहिरातीत बोलायचं, मग तो बिल मांडणार, असं ठरलं होतं. जूनमध्ये मी तुला ते लिहिलं नाही. विरोधक त्याच्या नावावरून, रंगावरून बोलत होता, तेव्हा त्यांना एक म्हातारी आई हवी होती. साडी नेसलेली, स्वयंपाकघरात, मागे झेंडा. मला म्हणाले, तुमच्या भाषेत एखादं वाक्य बोला, खाली इंग्रजी येईल. मी बोलले, "जयनं आजवर कुणाला घराबाहेर काढलेलं नाही, आणि काढणारही नाही." मला वाटलं, तो ऐकेल. मराठी वाचता येत नसलं तरी कळतं त्याला. मला वाटलं, आईनं सगळ्या राज्यासमोर म्हटलंय म्हटल्यावर लाजेखातर तरी करेल.

खाली इंग्रजीत आलं, ‘जय आपली घरं सुरक्षित ठेवतो.’ मी तुम्हाला काढून देण्याच्या बाजूनं बोलतेय असंच ते दिसत होतं. मी ऑफिसला फोन केला. त्या गोड मुलीनं सांगितलं की चाचणीत ही ओळ फार चालली.

प्रायमरी तो जिंकला, दणदणीत. बिल मांडलं नाही. आणि मागच्या आठवड्यात ते मोठं बिल, सगळ्या मुलांचं, दुसऱ्या एका विधेयकाला दुरुस्ती म्हणून जोडून मतदानाला आलं. मी वॉशिंग्टनला गेले. जयला न सांगता. गॅलरीत शाळेची मुलं होती, त्यांच्यात बसले.

तो नुसता विरोधात मत देऊन थांबला नाही. उठून बोलला. म्हणाला, "माझे वडील एक सुटकेस घेऊन या देशात आले आणि आपली पाळी येईपर्यंत रांगेत उभे राहिले. त्यांनी सवलत मागितली नाही." उर्वी, तुझ्या काकांना रांग लागलीच नव्हती. त्या काळी इंजिनियर हवे होते, कंपनीनं अर्ज केला आणि कार्ड घरी आलं. रांगेत आयुष्य काढलं ते संजीवनं. ज्या घरात तो जेवायला जायचा, त्या घराची गोष्ट त्यानं बापाच्या नावावर सांगितली, आणि सगळे ऐकत होते, कुणी मान हलवत होते. माझ्या शेजारच्या शाळकरी मुलीनं मला विचारलं, "आर यू ओके, मॅम?"

दुरुस्ती पडली. थोडक्यात पडली, म्हणे. मला खालचं काही नीट दिसत नव्हतं.

त्याच्या ऑफिसात जाऊन बसले. तो आला, मला पाहून दारातच थांबला. मग दार लावून घेतलं.

मी म्हटलं, "प्रायमरी झाली ना? आता कुणाची भीती आहे तुला?"

तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. अगदी जवळ. म्हणाला, "भीती नाही, आई. तुला वाटतं मी घाबरून असं बोलतो. मला खरंच तसं वाटतं."

"आणि तिचं बिल?"

"मी ते मांडलं असतं तर मला स्वतःकडे बघता आलं नसतं. सगळ्यांना नाही म्हणायचं आणि आपल्या ओळखीच्या मुलीला मागच्या दारानं आत घ्यायचं? तूच मला हे शिकवलंस ना, की ओळखीनं काम करून घेऊ नये?"

मी शिकवलं होतं. खरंच शिकवलं होतं.

"मग मला हो का म्हणालास?"

त्यानं चष्मा काढला. "तू जाहिरात केली नसतीस, म्हणून."

इतके महिने मी स्वतःला सांगत होते की तो घाबरलाय, वाईट लोकांच्या तावडीत सापडलाय, आतून तो आपलाच जय आहे. आता तेही राहिलं नाही. आतून तो हाच आहे. त्यानं मला खाली गाडीपर्यंत सोडलं, सीटबेल्ट लावून दिला, ड्रायव्हरला सावकाश चालव म्हणून सांगितलं. तो वाईट मुलगा असता तर किती सोपं झालं असतं.

रत्नामावशी


नोव्हाय, ५ नोव्हेंबर

उर्वी,

दीपा-संजीव तुझ्याकडे यायला निघाले. तुला ते ठाऊकच आहे. संजीवनं रांग सोडली. म्हणाला, कार्ड येईल तेव्हा ते दाखवायला घरात कुणी असायला हवं ना.

दीपा मला भेटायला आली. चप्पल काढली नाही, दारातच उभी राहिली. मी चहा करू का विचारलं. नको म्हणाली.

"रत्नाताई, तुमच्यावर माझा राग नाही, असं सांगायला आले होते," ती म्हणाली. "पण इथे उभं राहिल्यावर कळलं, की आहे."

मी म्हटलं, "असू दे गं."

"तुम्ही त्याला वाढवलंत तशीच थोडी माझ्या मुलीलाही वाढवलीत. म्हणून जास्त आहे. परक्या माणसाचा मी राग केला नसता."

मी तिला आत यायला जागा केली. ती म्हणाली, "तिला आता मराठी बोलायचंच नसतं. घरात मामाशीसुद्धा इंग्रजीत बोलते. तुम्हाला म्हणून सांगते, बाकी कुणाला नाही सांगितलं." मग माझा हात हातात घेतला, लगेच सोडला, आणि गेली.

तिच्या सांगण्यावरून असं वाटतं, की तू हे वाचणार नाहीस. तरीही एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवावीशी वाटत नाही.

मंगळवारी मतदान झालं. मी ठरवून गेले होते. विरोधातल्या बाईंना मत द्यायचं. त्यांचं भाषणही ऐकून आले होते. त्या तुझ्यासारख्या मुलांना राहू द्या म्हणतात, बाकीही पुष्कळसं मला पटतं. गाडी चालवताना मी मोठ्यानं म्हणत होते, की रत्ना, आज तरी. कुणी बघणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. या देशात आल्यापासून मी एकटीनं घेतलेला हा पहिलाच निर्णय होता म्हटलं तरी चालेल.

चर्चच्या हॉलमध्ये रांग होती. मतपत्रिका घेऊन आडोशाला बसले. पेनाचं टोपण काढलं. वरून खाली वाचत आले आणि त्याचं नाव आलं. जय व्ही. लेले. ‘व्ही’ म्हणजे विनय.

हॉस्पिटलात त्याच्या जन्माचा कागद भरताना हे म्हणाले होते, मधे बापाचं नाव लावायची आपली पद्धत इथे कुणाला कळणार आहे, सोडून देऊ. मी हट्टानं लावायला लावलं होतं.

मी त्याच्या नावापुढचं वर्तुळ भरलं. नीट, कडेपर्यंत भरलं. तुझी आठवण नव्हती असं नाही. तू समोर बसल्यासारखी दिसत होतीस. तुझ्याकडे बघत बघतच भरलं.

तो जिंकला. बऱ्याच मतांनी. माझ्या मतानं काही फरक पडला नसता, हे मला कालपासून सगळ्यांच्या अभिनंदनातून आपोआप कळतंय; सगळ्यांना वाटतं मी आनंदात आहे.

आज सकाळी तुमच्या घरातून शेवटचं सामान गेलं. नवीन माणसं शनिवारी येणार आहेत. त्यांना एक लहान मुलगी आहे, असं एजंट सांगत होता. मी पडदे लावून घेतले.

रत्ना